वरच्या मजल्यावरचा भाषांचा वर्ग

स्केल्बी, २ सप्टेंबर

ग्लेन,

अक्षर ओळखू येणार नाही, पण मीच आहे. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून डाव्याने लिहितेय. माझ्या सातवीच्या पोरांचं अक्षर यापेक्षा बरं असतं.

शेरिल सांगत होती की तुमच्याकडे येणारी पत्रं तुरुंगवाले आधी उघडून वाचतात. तुझी बायको आहे ती, तिला माहीत असणार. वाचू देत. त्यांनी वाचलं तरी चालेल एवढंच लिहीन.

आज शाळा उघडली. खेळाचा हॉल बंद आहे, आत अजून जळका वास येतो. पुढच्या काचांच्या जागी फळ्या ठोकल्यात. वर माझ्या वर्गाला नवं दार बसवलंय, रंग द्यायचा राहिलाय. सकाळी हेडमास्तर आयरटननी आम्हा सगळ्यांना स्टाफरूममध्ये बोलावून बजावलं, "ऑगस्टमध्ये झालं त्याबद्दल मुलांशी एक अक्षर बोलायचं नाही. तास नेहमीसारखे घ्या." मी नेहमीसारखा घेतला. सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला फ्रेंच काय आणि स्पॅनिश काय, विषय ठरलेला असतो: मी सुट्टीत काय केलं. फळ्यावर लिहून वळले, तर मागून एकाने हात वर केला. "मिस, आम्ही शाळा जाळली हे फ्रेंचमध्ये कसं म्हणायचं?"

वर्ग हसला. मग आपण हसलो हे त्यांच्या लक्षात आलं आणि सगळे गप्प झाले.

"कर्ता आधी," मी म्हटलं. "कोणी जाळली ते आधी ठरव, मग क्रियापद सांगते."

त्याने हात खाली घेतला.

तुझी कॅसी यंदा अकरावीत आहे, माझ्याच स्पॅनिशच्या वर्गात. पूर्वी पुढच्या बाकावर बसायची. आज सगळ्यात मागे बसली आणि पूर्ण तास खिडकीबाहेर बघत होती. आपले बाबा बरे आहेत. माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

आणि पोलीस येऊन गेले. सार्जंट बाई भली होती. मनगट कोणी मोडलं म्हणून विचारत होती. मी सांगितलं, त्याच्या तोंडावर काळं फडकं होतं, चेहरा दिसला नाही. चेहरा दिसला नाही हे खरंच आहे.

तू शाळेच्या पटांगणात होतास, दगड मारलेस, एवढं तू कबूल केलंस. त्याची सव्वादोन वर्षं तुला झाली. पुढचं तू काही बोलला नाहीस. मीही बोलले नाही.

अंगात घालायला काय लागेल ते शेरिलला कळव.

जनीन


स्केल्बी, १९ ऑक्टोबर

ग्लेन,

हे पत्र मी टाकणार नाही. लिहिते मात्र, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

काल तिअर्नोला इस्पितळातून सोडलं. तिअर्नो बारी. गिनी देशातला, तिकडे शिंपी होता. उजवा डोळा काढावा लागला. त्याला बसने मी घेऊन आले. वाटेत म्हणाला, "नर्सकडून सुईदोरा मागून घेतला होता. सुई जिथे दिसते तिथे ती नसते." मी तिकिटं हातात धरून बसले. त्याच्याशी फ्रेंचमध्ये बोलणारी या गावात मी एकटीच आहे. मीच गप्प बसले की तो मुकाच होतो.

तुला बाहेरून काय दिसलं ते तुझ्या वकिलाने कोर्टात सांगितलं. आतून काय दिसलं ते माझ्याकडून ऐक.

आसरा मागायला आलेल्या या लोकांना ठेवलं होतं त्या वसतिगृहाचं छप्पर जुलैत कोसळलं. शाळेला सुट्टी होती, म्हणून कौन्सिलने त्यांना आमच्या खेळाच्या हॉलमध्ये आणलं. दुभाषा मिळेना. मग आयरटननी मला फोन केला. मी रोज जायचे. पुरुष बहुतेक फ्रेंच बोलणारे. मार्लेनी नावाची बाई एल साल्वादोरची, दोन लहान मुली घेऊन आलेली, तिला स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं. डॉक्टर, दूध, साबण, सगळं माझ्या तोंडून चालायचं. या लोकांनी किनाऱ्यावरून एका मुलीला पळवलं अशी बातमी त्या शनिवारी गावातल्या फोनांवरून फिरली. मुलगी आजीकडे होती, हे संध्याकाळी कळलं.

जेवणं आटोपली आणि आधी आवाज आले. मग दगड. वरच्या काचा फुटून गाद्यांवर पडल्या. पुढच्या दारावर थोडेसेच पोलीस होते. मागच्या दाराशी कोणी तरी कचऱ्याचा मोठा डबा पेटवून लोटला आणि हॉल धुराने भरला. मी सगळ्यांना घेऊन आतल्या वाटेने वर पळाले, माझ्या वर्गात. सगळी बाकं दाराला लावली. मुलींना माझ्या टेबलाखाली बसवलं. पुरुषांनी बाकांना खांदे लावले.

मग स्वयंपाकघरामागच्या जिन्यावर बूट वाजले. तो जिना बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतो. आपण दोघं तास बुडवून तिथूनच तर पळायचो.

दारावर पहार बसायला लागली. मी एकदा फ्रेंचमध्ये ओरडायचे, एकदा स्पॅनिशमध्ये. पूसे. एंपुहेन. दोन्हींचा अर्थ एकच, ढकला. इतकी वर्षं शिकवतेय, पण इतक्या लवकर शिकणारा वर्ग मला कधी मिळाला नव्हता. थोड्या वेळाने मार्लेनी फ्रेंचमध्ये ओरडत होती आणि तिअर्नो स्पॅनिशमध्ये.

दाराची वरची फळी फुटली. भोकातून एक हात आत आला आणि कडी चाचपायला लागला. मार्लेनीने माझ्या टेबलावरची कात्री उचलली आणि त्या हातात खुपसली. पार आरपार. बाहेरचा माणूस जनावरासारखा ओरडला. त्याने हात ओढून घेतला आणि जिन्याने खाली पळाला. त्याचं ओरडणं खालपर्यंत जाताना मी ऐकलं.

मग दार बिजागरीतून गेलं. पहिला माणूस उंच होता, तोंडाला काळं फडकं, हातात पहार. मी पहारीला दोन्ही हातांनी लटकले. तो म्हणाला, "सोड, नीनी."

मी सोडली नाही. त्याने पहार हिसकली आणि माझ्या मनगटावर घातली. आवाज आधी आला, दुखणं मागून. तिअर्नो मध्ये पडला, हात पसरून, नुसता उभा. पहार फिरून त्याच्या तोंडावर बसली. तो पडला. पडल्यावर आणखी एकदा बसली. टेबलाखालच्या मुलींच्या पायांपर्यंत रक्त आलं. पोलीस जिन्यावर आले तसा तो माणूस खिडकीतून स्वयंपाकघराच्या छपरावर उतरला आणि तिथून पसार झाला, छपरांवरच जन्म गेल्यासारखा.

तू छपरं शाकारतोस. मला नीनी म्हणणारा माणूस जगात एकच आहे. लहानपणी त्याला जनीन म्हणता यायचं नाही.

आता ऐक, हे आज का लिहितेय. गेल्या आठवड्यात पोलिसांनी कोरी स्पिंकला पकडलं. माझाच जुना विद्यार्थी, दोन वर्षं फ्रेंच शिकून त्याला धड नमस्कारही म्हणता आला नाही. फुटलेल्या दारावर त्याचं रक्त सापडलं, तळहाताला आरपार जखम आहे. तिअर्नोला मारल्याचा आरोप त्याच्यावर ठेवलाय. कोरी चांगला माणूस नाही. पण पहार फिरली तेव्हा तो वर्गात नव्हता. हे मला माहीत आहे. तुलाही.

जनीन


स्केल्बी, १ डिसेंबर

ग्लेन,

हेही टाकणार नाही बहुतेक.

कोरीची आई पॉलीन आमच्या शाळेच्या भोजनगृहात वाढते, ते तुला माहीतच आहे. मंगळवारी मी ताट घेऊन उभी होते.

"मिस रेस्ट्रिक, बटाटे की भात?" आणि मग आवाज बारीक करून, "तुम्ही आत होतात. माझ्या कोरीने केलं का हो ते? मूर्ख आहे तो, मी नाही म्हणत नाही. दारातून हात घातला म्हणतो. पण तेवढंच, म्हणतो."

"मागे रांग खोळंबलीय, पॉलीन," मी म्हटलं. "बटाटे."

तिने बटाटे वाढले.

गुरुवारी कॅसीने एका मुलाचे दोन दात पाडले. माझ्याच तासाला. ब्रॅडन नावाचा पोरगा, त्याचा मामाही तुमच्याबरोबर आत आहे. तो तिच्याकडे झुकून म्हणाला, "तुझा बाप हिरो आहे. आमच्या घरी सगळे म्हणतात." तो टोमणा नव्हता, ग्लेन. तो चांगलं म्हणूनच म्हणाला. कॅसीने स्पॅनिशचा जाड शब्दकोश उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. तो खुर्चीसकट आडवा झाला. ही त्याच्या छातीवर बसून दोन्ही हातांनी शब्दकोश वर नेत होती आणि खाली आणत होती. "परत म्हण. हिरो म्हण परत." मी तिला एका हाताने कमरेला धरून ओढलं. तिने मला कोपर मारलं, माझा ओठ फुटला. वर्गातली पोरं भिंतीला चिकटून उभी होती.

मी तिला बाहेर व्हरांड्यात आणलं. तिच्या शर्टावर ब्रॅडनचं रक्त.

"आत्या, तुझा हात कोणी मोडला?"

"शाळेत मिस म्हणायचं."

तिने माझ्याकडे बघितलं. "मिस, तुमचा हात कोणी मोडला?"

मी तिला तोंड धुवायला पाठवलं. आयरटननी तिला आठवडाभर घरी बसवलंय. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी पूर्वी दोन माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलंय, बाबांच्या आणि तुझ्या. तिसऱ्यांदा बघायचं नव्हतं मला.

रविवारी बाबांकडे जेवायला गेले होते. मटण भाजलं होतं, त्यांनी स्वतः. प्लास्टर काढलंय, पण बोटं अजून मिटत नाहीत, म्हणून त्यांनी माझं मटण कापून दिलं. मला वाटलं, निवळले. मग सुरी खाली ठेवून म्हणाले, "पोलिसांना तू नाव सांगितलं नाहीस ते बरं केलंस."

म्हणजे त्यांना माहीत होतं. तू सांगितलंस की त्यांनीच ओळखलं?

"कोरीने मारलं नाही, बाबा," मी म्हटलं.

"गेला कोरी तर गेला. त्याला ना बायको ना पोर. ग्लेनला मुलगी आहे."

"तिअर्नोलाही आहे. गिनीत."

"तो आपला कोण?" त्यांनी टेबलावरून हात पुढे केला. मला वाटलं, धीर द्यायला. त्यांनी माझं मोडलेलं मनगट पकडलं आणि दाबलं. एकदम नाही. हळूहळू, बोलत असताना. "त्यांच्यासाठी तू स्वतःच्या भावाच्या वाटेत उभी राहिलीस. त्या दिवशी तुझी अक्कल कुठे होती? आता तरी गप्प बस." माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी ओरडले नाही. आपल्या घरात ओरडलं की जास्त मिळायचं, एवढं अजून आठवतं. त्यांनी सोडलं तेव्हा म्हणाले, "गार होतंय, खा."

मी उठून कोट घातला. डाव्या हाताने बटणं लागेनात, तशीच आले.

जनीन


स्केल्बी, ८ फेब्रुवारी

ग्लेन,

काल तुझ्यापुढे बसून मला जे बोलता आलं नाही ते लिहिते. हे टाकणार आहे. वाचणाऱ्यांनी वाचावं.

तू भेटायला तयार झालास याचंच मला नवल वाटलं होतं. तुझं डोकं भादरलेलं, भुवईवर टाके. कोणी मारलं विचारलं तर "पाय घसरला" म्हणालास. आईही असंच सांगायची.

मी म्हटलं, "मार्चमध्ये कोरीचा खटला आहे. मला साक्षीला बोलावलंय."

तू म्हणालास, "मग सांग की चेहरा दिसला नाही. खरं आहे ना?"

"आवाज ऐकला."

"आवाज सगळ्यांचे सारखे असतात."

मग तू पुढे झुकलास. मला वाटलं होतं, म्हणशील की तुला कळलं नाही, धूर होता, दारू होती, मी आहे हे ध्यानात आलं नाही. मी ते मानूनही घेतलं असतं, इतकी मी तयार होऊन आले होते. तू म्हणालास, "जिन्यावरच तुझा आवाज आला मला. त्यांच्या भाषेत ओरडत होतीस. आपण बाहेर उभे, आणि माझी बहीण आतून दार दाबून धरते. तू दार उघडायला हवं होतंस, नीनी."

"उघडलं असतं तर काय केलं असतंस?"

तू खांदे उडवलेस. "ते तेव्हा बघितलं असतं."

आत लहान मुली होत्या, मी म्हटलं. तू म्हणालास, मला काय माहीत. मग पहारेकरी वेळ संपली म्हणाला आणि तू उठलास. कॅसी कशी आहे हे जाता जाता विचारलंस. मी बरी आहे म्हटलं. ती बरी नाही. रात्री झोपत नाही, असं शेरिल सांगते. आरशावर मूठ मारून हात कापून घेतला तिने.

मी तुला धमकी देत नाही. एकच मागते. खटल्याच्या आधी तू तुझ्या वकिलाला बोलाव आणि सगळं सांग. तू सांगितलंस तर शिक्षा कमी होते, आणि मला कोर्टात उभं राहून तुझं नाव घ्यावं लागत नाही. मला ते नको आहे, ग्लेन. बाबांच्या पट्ट्याच्या भीतीने आपण पलंगामागे बसायचो तेव्हा मी तुझ्या तोंडावर हात धरायचे, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. आजही तेच करावंसं वाटतं. पण या वेळी पलंगामागे तिसरा माणूस आहे आणि त्याला एक डोळा नाही.

तू गप्प राहिलास तर मी सांगेन.

जनीन


स्केल्बी, २१ मार्च

ग्लेन,

तुझं उत्तर आलं नाही. मी सांगितलं.

तुझ्यापर्यंत ते वकिलांच्या भाषेत पोचलं असेल, म्हणून माझ्या भाषेत लिहिते. कोर्टात तिअर्नो माझ्या आधी उभा राहिला. त्याच्यासाठी कोर्टाने लंडनहून दुभाषा आणला होता. त्या दुभाष्याने तिअर्नोच्या तोंडच्या 'शिंपी' या शब्दाचं 'दगड तासणारा' केलं आणि कोरीचा वकील हसला, तेव्हा मला बाकावर बसवेना. मग माझी पाळी. मी आत पळाल्यापासूनचं सगळं सांगितलं. कात्री, खाली पळत गेलेलं ओरडणं. मग सरकारी वकिलाने विचारलं, "पहारवाला माणूस काही बोलला?"

"हो."

"काय?"

वर, प्रेक्षकांच्या सज्जात, बाबा बसले होते. शेरिल शेजारी होती. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. "सोड, नीनी," मी म्हटलं.

न्यायाधीश लिहून घेत होते. "या शब्दाचं स्पेलिंग सांगता का?"

"तो कधी कोणी लिहिलेला नाही," मी म्हटलं. "मला घरात माझा धाकटा भाऊ तसं म्हणतो. दुसरं कोणी म्हणत नाही." त्यांनी त्याचं नाव विचारलं. मी सांगितलं. वर खुर्ची जोरात मागे सरकली आणि दार आपटलं. ते बाबा होते.

तिअर्नोला मारल्याच्या आरोपातून कोरी सुटला. दंगलीची शिक्षा त्याला आहेच. पॉलीन माझे आभार मानेल असं मला उगाच वाटलं होतं. सोमवारी भोजनगृहात तिने पळी खाली ठेवली आणि सगळ्या रांगेसमोर म्हणाली, "माझ्या पोराला आत दोनदा मारलं. बरगड्या मोडल्या. आणि तुम्ही इथे उभ्या राहून बटाटे घेत होतात, मिस रेस्ट्रिक." मी ताट ठेवून वर आले. ती खरं बोलली.

त्याच आठवड्यात माझी गाडी जाळली. भरदिवसा, शाळेच्या आवारात, नववीच्या फ्रेंचच्या तासाला. पोरं खिडकीला लागली. कोणी तरी हळूच म्हणालं, "मिस, तुमची आहे." मी त्यांना जागेवर बसवलं आणि धडा पुढे नेला. टायर एकेक करून फुटत होते. प्रत्येक आवाजाला सगळे दचकायचे, मीही. तास मात्र पुरा केला. घंटा झाल्यावर एक मुलगी मागे राहिली आणि माझी पुस्तकं कपाटात लावून गेली.

बाबांनी कुलूप बदललं. मी गेले तर आईची शाल आणि तिचे चिनीमातीचे कप एका खोक्यात घालून पायरीवर ठेवले होते. स्वतः पडद्याआड उभे होते, मला त्यांचे बूट दिसत होते. मी खोकं उचललं. कप सगळे फुटलेले होते, एकूण एक. वाटेत फुटले नव्हते. फोडून, मग नीट कागदात गुंडाळून ठेवले होते.

तिअर्नोला आता दुसऱ्या शहरात खोली मिळाली आहे. त्याने फोन केला होता. मला वाटलं, भाऊ होता हे लपवलं म्हणून चिडेल. तो म्हणाला, "तुमच्या वडिलांना आता रविवारी जेवायला सोबत कोण असतं?"

कोणी नाही, मी म्हटलं.

"हे वाईट झालं," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण तुमचा भाऊ समोर आला तर मी त्याला ठार मारीन. हेही तुम्हाला माहीत असावं." आवाज अगदी शांत होता. मी समजले म्हटलं. त्याने पुन्हा शिवणयंत्र मिळवलंय. सरळ शिवण जमते, म्हणतो. वळणावर चुकते.

जनीन


स्केल्बी, १४ मे

ग्लेन,

तू गुन्हा कबूल केलास आणि साडेसात वर्षं झाली, हे शेरिलने सांगितलं. कोर्टात काही म्हणायचंय का असं विचारलं तर नाही म्हणालास. ठीक आहे. सोबत ऑक्टोबरचं आणि डिसेंबरचं पत्र घालते आहे. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

हे पत्र कॅसीविषयी आहे. आज तिची स्पॅनिशची तोंडी परीक्षा झाली. नात्यातली मुलगी म्हणून मला आधी परीक्षा मंडळाला कळवावं लागलं, आणि विज्ञानाच्या मिसेस ओकाफोर कोपऱ्यात बसून राहिल्या. त्यांना स्पॅनिश येत नाही. खोलीत तिघीच, मध्ये टेबलावर ध्वनिमुद्रण यंत्र. प्रश्न छापील असतात, चिठ्ठी मुलांनी उचलायची. माझ्या मनचं मला काही विचारता येत नाही. शाबासकी देता येत नाही, चूक सुधारता येत नाही, डोळे पुसायला कागदसुद्धा पुढे करता येत नाही.

तिने चिठ्ठी उचलली. विषय निघाला, घरची माणसं.

यंत्र चालू झालं होतं. मी पहिला प्रश्न वाचला. तुझ्या घरी कोण कोण असतं? तिने आई सांगितली, मांजर सांगितलं. दुसरा प्रश्न माझ्या समोर होता आणि तो गाळता येत नव्हता. मी वाचला. तुझ्या वडिलांविषयी सांग.

ऑगस्टपासून तिने तुझं नाव घेतलेलं नाही. शेरिलसमोर नाही, झोपेसाठी तिला नेतात त्या डॉक्टरीण बाईंसमोरही नाही. मला वाटलं, उठून जाईल, किंवा यंत्रच उचलून फेकील. तिच्या मुठी टेबलावर होत्या. मग तिने सांगायला सुरुवात केली. परक्या भाषेत, शिकणाऱ्या मुलीला जमतात तशी छोटी छोटी वाक्यं. मी ती तुला आपल्या भाषेत देते.

"माझे वडील उंच आहेत. ते घरांची छपरं करतात. ते तुरुंगात आहेत. त्यांनी एका माणसाला मारलं. त्या माणसाचा डोळा गेला. त्यांनी माझ्या आत्यालाही मारलं. मी एका मुलाला मारलं. त्या वेळी मला बरं वाटलं. नंतर वाटलं नाही. लहानपणी वडील मला खांद्यावर घेऊन समुद्रात जायचे. मला भीती वाटायची नाही."

ती थांबली. नियमाप्रमाणे मी थांबून राहिले. मिसेस ओकाफोर खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना एक शब्द कळत नव्हता, तरी त्यांनी मान वळवून घेतली होती.

मग कॅसी म्हणाली, "माझं त्यांच्यावर फार प्रेम होतं."

तिने होतं म्हटलं. आहे आणि होतं, हे दोन शब्द त्या भाषेत एकमेकांच्या फार जवळ आहेत. पोरं रोज त्यांची गल्लत करतात, घाबरली की हमखास. कॅसीचीही पूर्वी व्हायची. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, त्यावरूनही कळलं नाही. वर्गात असती तर मी विचारलं असतं, नक्की कोणता काळ हवाय तुला, कॅसी? तिथे विचारता येत नव्हतं. मी पुढचा छापील प्रश्न वाचला. सुट्टीत काय करणार? ती म्हणाली, अजून ठरलेलं नाही.

मी यंत्र बंद केलं. ती उठली, खुर्ची नीट आत सरकवली आणि दारात थांबून म्हणाली, "थँक यू, मिस." मी पुढच्या मुलाला आत बोलावलं.

हे ध्वनिमुद्रण आता कुठल्या तरी शहरात एक अनोळखी माणूस ऐकेल. चूक वाटली तर गुण कापेल, नाही वाटली तर देईल. परीक्षेत मुलं काय बोलली ते बाहेर सांगायची आम्हाला परवानगी नाही. मी सांगितलं.

ती पुढच्या महिन्यात सोळा वर्षांची होते. तुला भेटायला यायचं की नाही ते त्यानंतर तिचं ती ठरवेल, मी मध्ये पडणार नाही. आली, तर तिने कोणता शब्द म्हटला ते तिला विचारू नकोस. तिने विचारलं की मला मारताना तू मला ओळखलं होतंस का, तर मला सांगितलंस तेच तिला सांग. तिच्याशी खोटं बोललास तर मला कळेल.

जनीन